सूचना लिहायची कोठे?

सोलापूरची जेकार्ड चादर तुम्ही पाहिलीच असेल. जुन्या पद्धतीच्या जेकार्ड मागावर तिची नक्षी मागात नसते, तर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांत असते. पट्ट्या बदलल्या की नक्षी बदलते. माग मात्र तोच राहतो. यंत्र वेगळे आणि त्याने कसे वागावे याच्या सूचना वेगळ्या, ही सोय संगणकाच्या जगातही आहे. तेथे मात्र एक नवा प्रश्न उभा राहतो : सूचना लिहायची कोठे?

रासमुस लेर्डॉर्फ यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेली पीएचपी ही भाषा घ्या. सर्व्हरवर राहून संकेतस्थळाची पाने तयार करणे हे तिचे काम. मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, ती याच भाषेत लिहिलेली आहे. पीएचपीला सूचना देण्याच्या मुख्य जागा तीन. पहिली, साऱ्या सर्व्हरसाठी असलेली 'पीएचपी डॉट आयएनआय' ही फाइल. दुसरी, एखाद्या संकेतस्थळाच्या फोल्डरात ठेवलेली छोटी फाइल. तिसरी, प्रत्यक्ष प्रोग्रॅममधील 'आयएनआय सेट' ही ओळ. सामान्यतः जवळची सूचना दूरच्या सूचनेवर मात करते. मग सगळे प्रोग्रॅममध्येच लिहिले तर काय बिघडते?

समजा, नवी पेठेतील एका चादरीच्या दुकानाचे संकेतस्थळ आहे. दुकानदार चादरीचे ३ मेगाबाइटचे छायाचित्र चढवू पाहतो, पण ते चढत नाही. कारण चढवायच्या प्रत्येक फाइलला पीएचपीची मूळ मर्यादा २ मेगाबाइट आहे. आपण प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळीत ती ६ मेगाबाइट केली. तरी छायाचित्र चढत नाही!

असे का व्हावे? घटनांचा क्रम पाहा. छायाचित्र सर्व्हरवर येते, पीएचपी ते मोजते, मोठे असल्यास नाकारते आणि त्यानंतर प्रोग्रॅमची पहिली ओळ चालू होते. आपली सूचना पोहोचेपर्यंत निकाल लागलेला असतो. गाडी सुटल्यावर तिकीट काढण्यासारखेच हे झाले. म्हणून ही मर्यादा पहिल्या किंवा दुसऱ्या जागीच लिहावी लागते. संपूर्ण फॉर्मची मूळ मर्यादा ८ मेगाबाइट असते. एका वेळी अनेक छायाचित्रे पाठवायची असतील, तर तीही वाढवावी लागते.

दुसरे उदाहरण. चुका पडद्यावर दाखवू नयेत, ही सूचना प्रोग्रॅममध्ये लिहिली आणि त्याच प्रोग्रॅममध्ये व्याकरणाची चूक राहिली, तर तो चालूच होणार नाही. मग सूचना कोण पाळणार? चुकीच्या संदेशात सर्व्हरवरील फाइलींचे पत्ते असतात; ते परक्याला दिसणे धोक्याचे. म्हणून ही सूचना सर्व्हरच्या मुख्य फाइलीत हवी.

सर्व्हर भाड्याचा असेल, तर मुख्य फाइल आपल्या हाती नसते. तेव्हा दुसरी जागा उपयोगी पडते. पीएचपी अपाची सर्व्हरच्या आतच चालत असेल, तर 'डॉट एचटीअ‍ॅक्सेस' फाइल वापरतात. ती फास्टसीजीआय पद्धतीने वेगळी चालत असेल, तर 'डॉट युजर डॉट आयएनआय' ही फाइल. ही सोय २००९ सालच्या ५.३ या आवृत्तीपासून आहे. तिच्यातील बदल लागू होण्यास पाच मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. मुख्य फाइल बदलल्यास सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो.

थोडक्यात, दोन प्रश्न विचारावेत. सूचना कोणाकोणाला लागू आहे? आणि ती कोणत्या क्षणापूर्वी पोहोचायला हवी?

करून पाहा : शाळेच्या संगणकावर पीएचपी असेल, तर शिक्षकांच्या मदतीने 'पीएचपी इन्फो' हा आदेश असलेले पान उघडा. कोणती 'पीएचपी डॉट आयएनआय' फाइल वाचली गेली, तिचा पत्ता त्यात सापडेल. पाहून झाल्यावर ते पान काढून टाका.

आता एक कोडे. प्रमाणवेळ सांगितली नाही, तर पीएचपी जागतिक वेळ धरते. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री २ वाजता आलेल्या मागणीवर आदल्या दिवसाचे रात्रीचे ८.३० पडतील! 'आशिया/कोलकाता' ही सूचना प्रोग्रॅममध्ये लिहिली तर चालेल का? वरील दोन प्रश्न विचारा आणि उत्तर तुम्हीच शोधा.