टायरचे माप आणि डिझेलचा हिशेब
पनवेल तालुक्यातील बेलपाड्याजवळून शीव-पनवेल महामार्गाने पुण्याकडे निघालेली मालमोटार पुढे बोरघाट चढते. अशा मालमोटारीस मूळ मापापेक्षा मोठे टायर बसविल्यास डिझेल वाचते, असा समज आढळतो. तो अंशतःच खरा आहे.

एक मीटर व्यासाचे चाक किलोमीटरमागे सुमारे ३१८ फेरे घेते. व्यास ५ सेंटिमीटरने वाढला की सुमारे ३०३. त्याच गिअरमध्ये इंजिनाचे फेरेही तेवढ्याच प्रमाणात घटतात. सपाट रस्त्यावर, हलक्या भारात, याचा थोडा लाभ होतो. परंतु चाकाची ओढ सुमारे ५ टक्क्यांनी कमी होते आणि घाटात खालचा गिअर लवकर टाकावा लागतो; तेथे वाचलेले डिझेल खर्ची पडते.

खरी गफलत मीटरमध्ये होते. मीटर अंतर नव्हे, फेरे मोजतो. प्रत्यक्षात १०५ किलोमीटर झालेली धाव तो १०० दाखवितो. त्यासाठी २१ लिटर डिझेल लागले असेल, तर लिटरमागे ५ किलोमीटर पडूनही वहीत ४.७६ भरतात, आणि बोल मात्र चालकाला! झिजलेल्या टायरचे याच्या उलट होते. म्हणून टायर बदलल्यावर मीटर महामार्गावरील किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहावा.