आजोबांची पुडी आणि हॉस्टेलचा बल्ब

मित्रांनो, मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण गोंधळही मराठीतच झाला.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तर आजी देवासमोर बसून रडत होती. आजोबांच्या फाईलवर डॉक्टरांनी ‘हार्ट फेल्युअर’ लिहिलं होतं. आपल्याकडे ‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस गेला! आजोबा मात्र खुर्चीत बसून चहा मागत होते. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. पंप चालू असतो, पण शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलताना तो कमी पडतो. मग दम लागतो, पायांवर सूज येते.

त्याच फाईलमध्ये दुसरा रिपोर्ट होता. ड जीवनसत्त्व ११ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. साधारणपणे २० च्या खाली कमतरता धरतात. डॉक्टरांनी हाडांसाठी ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, अशी आठ आठवडे दिली होती. काकांनी मोबाईलवर वाचलं, की हे जीवनसत्त्व कमी असलेले हृदयरोगी जास्त दगावतात. ते म्हणाले, “मग आठवड्याला कशाला? रोज देऊ, हृदय लवकर सुधारेल.” खरं सांगते, मलाही ते पटलं होतं.

पटण्यासारखं कारणही आहे. शरीरातलं ‘रेनिन’ वाढलं की रक्तदाब वाढतो, मीठ-पाणी साठतं आणि पंपावर ताण येतो. ड जीवनसत्त्व रेनिनला आवर घालतं, असं २००२ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं होतं. म्हणजे जीवनसत्त्व द्या, ताण कमी होईल. कागदावर डिझाईन एकदम ओके!

पण टेस्टिंगमध्ये काय झालं? इंग्लंडमध्ये लीड्सला रुग्णांना वर्षभर रोज ४,००० युनिट दिले. २०१६ च्या निकालात हृदयाची रक्त फेकण्याची क्षमता थोडी सुधारलेली दिसली, पण सहा मिनिटांत चालता येणारं अंतर काही वाढलं नाही. मग २०१७ साली जर्मनीतल्या ‘एविटा’ चाचणीचा निकाल आला. ४०० रुग्ण, तीन वर्षं, रोज ४,००० युनिट. मृत्यू कमी झाले नाहीत. उलट हृदयाला यांत्रिक पंप बसवायची वेळ औषधवाल्या गटात १५.४ टक्के लोकांवर आली, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ९ टक्के लोकांवर.

मग कमी जीवनसत्त्व आणि जास्त मृत्यू हे एकत्र का दिसतात? आपल्या हॉस्टेलचंच बघा. रात्री व्होल्टेज पडलं की बल्ब मंद होतो आणि पंखाही हळू फिरतो. म्हणून नवा बल्ब लावून पंखा जोरात फिरेल का? ड जीवनसत्त्व मुख्यतः उन्हामुळे कातडीत तयार होतं. ज्याला जिन्याच्या चार पायऱ्या चढून दम लागतो, तो उन्हात जाणार कधी? म्हणजे बऱ्याचदा आजारामुळे आकडा खाली येतो, आकड्यामुळे आजार वाढतो असं नाही.

मी डॉक्टरांना फोन केला. ते काकांवर चांगलेच वैतागले. रोज एवढा डोस दिला तर रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं, आणि आजोबांना डिजॉक्सिन चालू आहे. कॅल्शियम वाढलं की त्या औषधाची विषबाधा होऊन ठोके बिघडण्याचा धोका वाढतो. पुड्यांचा डबा काकांच्या हातातून आजीच्या कपाटात गेला.

आठ पुड्या संपल्या, आकडा ३४ झाला. आजोबांना जिना चढताना अजून दम लागतोच. कमतरता असेल तर ती हाडांसाठी जरूर भरून काढावी, पण डॉक्टर सांगतील तेवढीच. पंपाला आधार देतात ती त्याची स्वतःची औषधं, कमी मीठ आणि रोज सकाळचा वजनकाटा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं तर अंगात पाणी साठतंय असं समजून लगेच डॉक्टरांना कळवायचं.

आजी आता रोज वजन वहीत लिहिते. लोणच्याची बरणी मात्र आजोबांना अजून सापडलेली नाही.