शंभर दाणे, एक वही

मृगाच्या पावसाची वाट पाहताना रेणापूर तालुक्यातले शेतकरी घरच्या सोयाबीनची उगवण तपासतात. मधल्या वर्गांतल्या मुलांना निरीक्षण शिकवायला यापेक्षा चांगला प्रयोग नाही. ओल्या गोणपाटावर दहा ओळींत दहा-दहा दाणे मांडायचे, वरून ओला तुकडा घालून गुंडाळी सावलीत ठेवायची. ओल टिकवायची. चार-पाच दिवसांनी मोड आलेले दाणे मोजायचे.

खरी कसोटी वहीची. ‘दाणे चांगले उगवले’ ही नोंद नव्हे. ‘चौथा दिवस, सकाळी 8, शंभरपैकी 63 ला मोड, 9 ना बुरशी’ ही नोंद. पानाचे दोन भाग करावेत: डावीकडे ‘दिसलं ते’, उजवीकडे ‘वाटलं ते’. ‘बी जुनं असेल’ हे उजवीकडे जातं. चुकलेला आकडा खोडरबराने पुसू देऊ नये, त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा लिहावा. माझ्या मते ही सवय सगळ्यांत मोलाची, कारण मुलं ‘बरोबर उत्तर’ येण्यासाठी आकडे सुधारतात.

प्रमाणित सोयाबीन बियाण्याची किमान उगवणक्षमता 70 टक्के असावी लागते. 63 आले, तर प्रयोग फसला नाही. घरी पेरणीला बी जास्त घ्यावं लागेल, एवढं कळलं. मग प्रश्न येतात. सोयाबीनचं टरफल पातळ, मळणीत ते तडकतं. तडकलेले पंचवीस आणि धड पंचवीस दाणे वेगळे लावून पाहिले तर?