अंशतः दंतहीनता

वरच्या किंवा खालच्या जबड्यातील काही कायमचे दात नाहीसे होऊन उरलेले दात शिल्लक असणे, या अवस्थेला अंशतः दंतहीनता असे म्हणतात. एका जबड्यात १६ दात धरल्यास दात असण्या-नसण्याच्या ६५,००० हून अधिक रचना संभवतात. त्यामुळे अभ्यासासाठी व कवळीच्या आखणीसाठी त्यांचे वर्गीकरण करावे लागते.

वर्गीकरण

अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड केनेडी यांनी १९२५ मध्ये मांडलेली पद्धत सर्वाधिक प्रचलित आहे.

• वर्ग १ : दोन्ही बाजूंच्या मागील दाढा नसणे.
• वर्ग २ : एकाच बाजूच्या मागील दाढा नसणे.
• वर्ग ३ : एका बाजूला मोकळी जागा, पण तिच्या पुढे व मागे दात शिल्लक असणे.
• वर्ग ४ : मध्यरेषा ओलांडणारी, समोरच्या दातांची एकच सलग मोकळी जागा.

मोकळ्या जागा अनेक असल्यास सर्वांत मागील जागेवरून वर्ग ठरतो.

आढळणारे स्वरूप

दाढा साधारणपणे समोरच्या दातांच्या आधी गमावल्या जातात. खालचे सुळे बहुधा शेवटपर्यंत टिकतात. तरुण वयात वर्ग ३ अधिक आढळतो, तर वाढत्या वयात वर्ग १ व २ यांचे प्रमाण वाढते. खालची पहिली कायमची दाढ विशेष लवकर जाते. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दुधाचा दात न पडता, सर्वांत मागे उगवते. त्यामुळे तिला दुधाची दाढ समजून तिच्या किडीकडे दुर्लक्ष होते.

कारणे

दातांची कीड व हिरड्यांचे विकार ही प्रमुख कारणे होत. तंबाखूचे सेवन, तसेच महाराष्ट्रात दातांना लावली जाणारी मिश्री, यांमुळे हिरड्यांची हानी होते. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातील धसईसारख्या ग्रामीण भागात अंतर व बुडणारी मजुरी यांचाही विचार करावा लागतो. रूट कॅनाल उपचाराला अनेकदा एकाहून अधिक फेऱ्या लागतात, दात काढणे मात्र बहुधा एका भेटीत उरकते.

परिणाम व उपचार

एक दाढ गेल्यावर शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात आणि समोरच्या जबड्यातील दात लांबतो. परिणामी चावण्याची क्रिया बिघडते. काढती कवळी, स्थिर ब्रिज किंवा इम्प्लांट हे उपचार उपलब्ध आहेत. वर्ग १ व २ मध्ये काढत्या कवळीला मागच्या बाजूस दाताचा आधार नसतो, ती हिरडीवर टेकते. म्हणून ती बसवणे अधिक कठीण असते. सहाव्या वर्षी येणारी दाढ वेळीच ओळखून जपणे, हा दंतहीनता टाळण्याचा तुलनेने सोपा मार्ग आहे.