ओडेन्सचं पत्र : नळी घशात, माणूस जागा

आपल्या इस्लापूरकडं कुणाला ‘मशीनवर टाकलं’ म्हणून नांदेडहून फोन आला, की पहिला प्रश्न ठरलेला : शुद्धीवर आहे का? उत्तर बहुतेक वेळा ‘गुंगीत ठेवलंय’ असंच येतं. त्यात वावगं काही नाही. घशात नळी घेऊन जागं राहणं भल्याभल्यांना जमत नाही. इथं डेन्मार्कमध्ये, ओडेन्सच्या विद्यापीठ रुग्णालयानं मात्र उलटी रीत पाडली. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला वेदनाशामक द्यायचं, गुंगीचं औषध शक्यतो नाही. थॉमस स्ट्रोम आणि पाले टॉफ्ट यांनी १४० पेशंटांवर हे करून पाहिलं, २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. जागे असलेले मशीनवरून लवकर सुटले. न्यूमोनिया मात्र जागे आणि गुंगीतले, दोन्ही गटांत जवळपास सारखाच निघाला. २०२०च्या अशाच ७०० जणांच्या अभ्यासात मृत्यूंतही ठळक फरक दिसला नाही.

म्हणजे नुसतं जागं ठेवून न्यूमोनिया टळत नाही; तो अडवायचा सिस्टरनंच. नळीमुळं धड खोकता येत नाही. तोंडातली लाळ नळीभोवतीच्या फुग्यावर साचते आणि कडेनं फुप्फुसात झिरपते, जंतूंसकट. म्हणून खाटेची उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. फुग्यातला दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटरइतका. कमी पडला तर लाळ खाली, जास्त झाला तर श्वासनलिकेला इजा. दात ब्रशनं घासायचे, साचलेली लाळ ओढून घ्यायची, कूस बदलण्याआधी तर नक्कीच. यात महाग काय? माणूस. जागा पेशंट घाबरतो, नळी उपटू बघतो. त्याच्याजवळ कुणीतरी बसलेलं लागतं. ओडेन्सला एका पेशंटमागं एक सिस्टर, म्हणून हे निभतं.

माणसं लावून श्वास चालवायची इथली सवय जुनी आहे. १९५२च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी वाट दाखवली आणि सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रबरी पिशव्या हातानं दाबून रोग्यांना जगवलं. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी त्याच शहरात आयसीयू उभा केला.

इतकी माणसं लावतात म्हटल्यावर इथं सिस्टरांची चैन असेल असं वाटेल. पण २०२१च्या उन्हाळ्यात त्या पगारासाठी संपावर होत्या. १९६९च्या वेतनरचनेत बायकांची कामं खालच्या पायरीवर बसवली ती अजून तिथंच, ही त्यांची तक्रार. मला ती रास्त वाटते. ऑगस्टअखेर संसदेनं कायदा करून संप मोडला.