काव्यार्थ आणि राजद्रोह : सू शी याच्या खटल्याचा अन्वयार्थ

चीनमधील सुंग राजवटीत (९६०–१२७९) कवी आणि प्रशासक या दोन भूमिका परस्परांपासून वेगळ्या नव्हत्या. शासकीय सेवेसाठीच्या परीक्षेत अभिजात ग्रंथांचे ज्ञान, निबंधलेखन आणि काव्यरचना यांची कसोटी लागत असे. सू शी (१०३७–११०१) हा या व्यवस्थेचा अत्यंत तेजस्वी प्रतिनिधी होय. १०५७ मध्ये तो आपल्या धाकट्या भावासह ही परीक्षा उत्तीर्ण झाला. ज्या विद्येने त्याला अधिकारपद दिले, तिनेच पुढे त्याला कारावासात नेले. त्याच्यावरील खटला केवळ राजकीय सूडाचा भाग मानला, तर त्यातील वाङ्मयीन प्रश्न दुर्लक्षित राहतो.

१०६९ पासून मंत्री वांग आन्शी याने सम्राट शेनत्सोंग याच्या पाठिंब्याने शेतकऱ्यांना सव्याज सरकारी कर्ज देण्यासारखी नवी धोरणे राबविली. सू शी याने त्यांना विरोध केला आणि १०७१ मध्ये तो राजधानी सोडून हांगचौ येथे दुय्यम अधिकारी म्हणून गेला. तेथे या धोरणांची अंमलबजावणी त्यालाच करावी लागत होती. मनाला न पटणारी आज्ञा हातांनी पाळायची, या कोंडीतून त्याची त्या काळातील बरीच कविता जन्मली. १०७९ मध्ये हूचौ येथे त्याला अटक झाली. त्याची पद्ये, त्यांतील काही मुद्रित संग्रहातून घेतलेली, पुरावा म्हणून मांडण्यात आली.

डोंगरातील वृद्धाला अन्नात मीठ मिळत नाही, अशा वर्णनात अभियोक्त्यांनी मिठाच्या सरकारी मक्तेदारीचा उपहास वाचला. ही वाचनपद्धती त्यांनी नव्याने शोधलेली नव्हती. प्रजेने काव्यातून राज्यकर्त्याला आडवळणाने दोष दाखवावेत, हा विचार प्राचीन चिनी काव्यसंग्रहाच्या प्रस्तावनेतच मान्य झालेला होता. त्यामुळे कवितेत वाच्यार्थापलीकडे काही नाही, असा बचाव करणे म्हणजे काव्यपरंपरेचाच अव्हेर करणे ठरले असते. जबानीत सू शी याने अनेक ओळींतील टीका मान्य केली. आपल्याच कवितेचा भाष्यकार होण्याची सक्ती त्याच्यावर झाली. मात्र या पद्धतीला मर्यादा असल्याचेही दिसून आले. एका वृक्षाच्या भूमिगत मुळांच्या वर्णनात सम्राटाविषयी द्रोह सुचविला आहे, हा आरोप स्वतः शेनत्सोंग यानेच अमान्य केला, असे परंपरा सांगते. व्यंजनेचे क्षेत्र कोठे संपते आणि वाचकाचा संशय कोठे सुरू होतो, हाच येथे वादाचा खरा मुद्दा होता.

चार महिन्यांहून अधिक काळच्या कैदेनंतर त्याला ह्वांगचौ येथे नाममात्र पदावर धाडण्यात आले. तेथे पूर्वेच्या उतारावरील जमीन कसत त्याने ‘तुंगपो’, म्हणजे ‘पूर्व उतार’, हे नाव धारण केले. १०८२ मधील लाल कड्यावरील त्याच्या दोन प्रसिद्ध रचना याच हद्दपारीतील आहेत. पुढे तो पुन्हा उच्चपदी पोहोचला, विरोधकांची सत्ता येताच पुन्हा दूर धाडला गेला आणि १०९७ मध्ये हैनान बेटापर्यंत जाऊन पोहोचला. मृत्यूनंतर त्याच्या ग्रंथांवर बंदीही आली.

तथापि खटल्याची कागदपत्रे टिकली. कवीला दोषी ठरविण्यासाठी नोंदविलेले अर्थ उत्तरकालीन टीकाकारांना त्याच्या कवितांचे संदर्भ उलगडण्यासाठी उपयोगी पडले. सत्तेच्या संशयातून निर्माण झालेला दस्तऐवज अशा रीतीने काव्याभ्यासाचे साधन ठरला. मात्र त्याचा उपयोग करणाऱ्या अभ्यासकाने एक भान बाळगणे आवश्यक आहे : तेथील प्रत्येक अर्थ बंदिवानाच्या तोंडून वदविलेला आहे.