विजेवरील वाहनांसाठी सरकारी निधी : भर आता खरेदीच्या सवलतीकडून चार्जिंग केंद्रांकडे

विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या प्रसारासाठी केंद्र सरकार देत असलेल्या अर्थसाहाय्याचे स्वरूप गेल्या दीड दशकात मोठ्या प्रमाणावर बदलले आहे. विजेवरील स्कूटर घेणाऱ्या ग्राहकाला २०२१ मध्ये किमतीत चाळीस हजार रुपयांहून अधिक सवलत मिळू शकत होती. एप्रिल २०२५ पासून त्या सवलतीची कमाल मर्यादा पाच हजार रुपयांवर आली. याच काळात चार्जिंग केंद्रे आणि सार्वजनिक बसगाड्या यांच्यासाठी राखलेला वाटा मात्र वाढत गेला. हा बदल का झाला, हा निधी नेमका कोणाच्या हाती पडतो आणि तो कोठे अडतो, याचा हा आढावा.

पहिले प्रयत्न

नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये विजेवरील वाहनांसाठी ९५ कोटी रुपयांची योजना सुरू केली. वाहनाच्या कारखाना किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत, ठराविक मर्यादेत, सवलत देण्याची तीत तरतूद होती. मार्च २०१२ मध्ये योजनेची मुदत संपली आणि दुचाकींची विक्री झपाट्याने घसरली. केवळ सवलतीच्या आधारावर उभी राहिलेली बाजारपेठ सवलतीबरोबरच ओसरते, हा धडा त्या वेळीच मिळाला होता.

त्यानंतर २०१३ मध्ये राष्ट्रीय विद्युत गतिशीलता अभियानाचा आराखडा जाहीर झाला. २०२० पर्यंत विजेवरील व संकरित अशी ६० ते ७० लाख वाहने रस्त्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवण्यात आले होते. त्याला अनुसरून अवजड उद्योग मंत्रालयाने १ एप्रिल २०१५ पासून 'फेम' योजना राबवण्यास सुरुवात केली. वारंवार मुदतवाढ मिळालेल्या या पहिल्या टप्प्याची तरतूद ८९५ कोटी रुपयांपर्यंत गेली. त्यात सुमारे २ लाख ८० हजार वाहनांना सवलत मिळाली आणि ५२० चार्जिंग केंद्रांना मंजुरी देण्यात आली. मूळ उद्दिष्टाच्या तुलनेत हे आकडे फारच लहान होते.

सवलतीचे गणित

१ एप्रिल २०१९ रोजी सुरू झालेला 'फेम'चा दुसरा टप्पा आकाराने कितीतरी मोठा होता. त्यासाठी १०,००० कोटी रुपये राखण्यात आले. पुढे ही रक्कम ११,५०० कोटींपर्यंत वाढवण्यात आली. सवलत बॅटरीच्या क्षमतेशी जोडण्यात आली. लेड-ॲसिड बॅटरीच्या वाहनांना वगळून केवळ लिथियम-आयनसारख्या प्रगत बॅटरीच्या वाहनांनाच ती मिळेल, असे ठरले.

ही सवलत कशी बदलत गेली हे एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. कारखाना किंमत १ लाख २० हजार रुपये आणि बॅटरीची क्षमता ३ किलोवॅट तास असलेली एक स्कूटर गृहीत धरू. जून २०२१ मध्ये दर प्रति किलोवॅट तास १५,००० रुपये आणि मर्यादा किमतीच्या ४० टक्के करण्यात आली. त्यामुळे या स्कूटरला ४५,००० रुपये मिळत. जून २०२३ पासून दर १०,००० रुपये आणि मर्यादा १५ टक्के झाली; त्याच स्कूटरची सवलत १८,००० रुपयांवर आली. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या सहा महिन्यांच्या हंगामी योजनेत कमाल मर्यादा १०,००० रुपये होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेने पहिल्या वर्षी तीच मर्यादा कायम ठेवली आणि एप्रिल २०२५ पासून ती निम्मी, म्हणजे ५,००० रुपये केली.

ही कपात अनपेक्षित नव्हती. ३१ मार्च २०२४ रोजी संपलेल्या 'फेम'च्या दुसऱ्या टप्प्यात सुमारे १६ लाख वाहनांना सवलत मिळाली होती. उत्पादनाचे प्रमाण वाढल्याने आणि बॅटरीच्या किमती उतरल्याने दुचाकींना दीर्घकाळ आधाराची गरज राहणार नाही, अशी सरकारची भूमिका होती.

याखेरीज करांच्या मार्गानेही मदत देण्यात आली. ऑगस्ट २०१९ मध्ये विजेवरील वाहनांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्के आणि चार्जरवरील कर १८ वरून ५ टक्के करण्यात आला.

पडताळणी कडक

ग्राहक सवलत वजा केलेल्या किमतीत वाहन घेतो आणि तेवढी रक्कम सरकार नंतर उत्पादकाला देते, अशी ही पद्धत आहे. म्हणजे निधीचा प्रवास उत्पादकाच्या दाव्यावर अवलंबून असतो. दुसऱ्या टप्प्यात काही उत्पादकांनी देशी सुट्या भागांची अट न पाळता सवलत घेतल्याचे चौकशीत आढळले आणि रक्कम परत करण्याच्या नोटिसा बजावण्यात आल्या. काही कंपन्यांनी वाहनाची किंमत पात्रतेच्या मर्यादेत बसवण्यासाठी चार्जरचे पैसे वेगळे आकारले होते. २०२३ मध्ये ते ग्राहकांना परत करावे लागले.

या अनुभवानंतर 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेत ई-व्हाउचरची पद्धत आणण्यात आली. खरेदीच्या वेळी ग्राहकाची आधारद्वारे ओळख पटवली जाते, व्हाउचरवर ग्राहक आणि विक्रेता दोघांच्या स्वाक्षऱ्या होतात आणि ते संकेतस्थळावर नोंदवल्यावरच उत्पादकाचा दावा ग्राह्य धरला जातो.

चार्जरमागचा खर्च

'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेची एकूण तरतूद १०,९०० कोटी रुपये आहे. त्यापैकी ३,६७९ कोटी रुपये दुचाकी, तीनचाकी, रुग्णवाहिका आणि ट्रक यांच्या सवलतीसाठी, ४,३९१ कोटी रुपये १४,०२८ बसगाड्यांसाठी आणि २,००० कोटी रुपये सार्वजनिक चार्जिंग केंद्रांसाठी आहेत. 'फेम'च्या दुसऱ्या टप्प्यातील मूळ १०,००० कोटींपैकी चार्जिंगचा वाटा १,००० कोटी, म्हणजे एकदशांश होता. आता तो जवळजवळ एकपंचमांश झाला आहे. मोटारींसाठी २२,१००, बसगाड्यांसाठी १,८०० आणि दुचाकी-तीनचाकींसाठी ४८,४०० असे एकूण ७२,३०० चार्जर उभारण्याचे उद्दिष्ट आहे.

ग्राहकाला दिसतो तो केवळ चार्जर. प्रत्यक्षात मोठा खर्च त्याच्या मागे असतो. मोटारीचा जलद चार्जर ५० ते ६० किलोवॅट किंवा त्याहून अधिक वीज घेतो. अनेक घरांची मागणी एकत्र केल्यावर होईल, एवढा हा भार आहे. असे चार-पाच चार्जर एका ठिकाणी बसवायचे तर स्वतंत्र रोहित्र म्हणजेच ट्रान्सफॉर्मर, उच्चदाबाची वाहिनी, नियंत्रण यंत्रणा आणि वीज वितरण कंपनीकडून नवी जोडणी घ्यावी लागते. पहिली गाडी येण्याआधीच हा सर्व खर्च करावा लागतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या मार्गदर्शक सूचनांत ही बाब विचारात घेण्यात आली. सर्वसामान्यांना मुक्त प्रवेश असलेल्या सरकारी कार्यालये, रुग्णालये, शिक्षणसंस्था यांच्या आवारातील केंद्रांसाठी वीजजोडणीची कामे आणि चार्जर या दोन्हींचा पूर्ण खर्च देण्याची त्यात तरतूद आहे. रेल्वे स्थानके, विमानतळ, बसस्थानके, मेट्रो स्थानके आणि सार्वजनिक तेल कंपन्यांचे पेट्रोल पंप येथे जोडणीच्या कामांसाठी ८० टक्के, तर चार्जरसाठी ७० टक्के साहाय्य आहे. बाजारपेठा, मॉल आणि रस्त्याकडेच्या जागा येथे केवळ जोडणीच्या कामांसाठी ८० टक्के रक्कम मिळते. चार्जर चालकाने स्वतःच्या पैशातून घ्यायचा आहे.

चुकलेला प्लग

चार्जिंगवरील सर्व खर्च सत्कारणी लागलाच असे नाही. २०१७ मध्ये निश्चित झालेली 'भारत डीसी-००१' ही चार्जरची मानके त्या वेळच्या कमी दाबाच्या बॅटरीवर चालणाऱ्या लहान मोटारींना अनुरूप होती. पुढे बाजारात आलेल्या मोटारींनी अधिक शक्तीची 'सीसीएस-२' ही जोडणी स्वीकारली आणि आधीचे अनेक चार्जर नव्या मोटारींच्या उपयोगाचे राहिले नाहीत. तंत्रज्ञान स्थिरावण्याआधी यंत्रांवर पैसा घातला तर यंत्र जुने ठरते. रोहित्र आणि वाहिनी मात्र कोणत्याही प्रकारच्या चार्जरला उपयोगी पडतात. त्यामुळे जोडणीच्या कामांना अधिक साहाय्य देण्याचा नवा निकष सयुक्तिक ठरतो.

उभारणीनंतरचा प्रश्न

ऊर्जा मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार फेब्रुवारी २०२४ मध्ये देशात १२,१४६ सार्वजनिक चार्जिंग केंद्रे कार्यरत होती आणि त्यांत ३,०७९ केंद्रांसह महाराष्ट्र आघाडीवर होता. डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या २५,२०२ झाली. त्या वेळी कर्नाटक ५,७६५ केंद्रांसह पहिल्या आणि महाराष्ट्र ३,७२८ केंद्रांसह दुसऱ्या क्रमांकावर होता.

तथापि केंद्र उभे राहणे आणि ते फायद्यात चालणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. सर्वसाधारण व्यावसायिक वीजदरात दोन भाग असतात : वापरलेल्या युनिटचे पैसे आणि मंजूर भारावरील स्थिर आकार. दिवसातून दोन-तीन गाड्याच येणाऱ्या केंद्राला स्थिर आकार जड जातो. तो ग्राहकावर लादला तर युनिटचा दर वाढतो, दर वाढला की ग्राहक घरीच चार्जिंग करतात आणि केंद्र अधिकच ओस पडते.

यावर उपाय म्हणून सरकारने दोन निर्णय घेतले. चार्जिंग म्हणजे विजेची विक्री नसून सेवा आहे, असे एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट करण्यात आले; त्यामुळे केंद्र चालवण्यासाठी वीज कायद्याखालील परवान्याची गरज उरली नाही. सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सार्वजनिक केंद्रांना एकाच भागाचा, म्हणजे स्थिर आकार नसलेला दर लावायचा असून तो ३१ मार्च २०२८ पर्यंत वीजपुरवठ्याच्या सरासरी खर्चाहून अधिक असू नये. सौरऊर्जा मुबलक असलेल्या सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत दर आणखी कमी ठेवण्याची सूचनाही त्यात आहे.

बसगाड्यांना सर्वाधिक निधी

'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेतील सर्वांत मोठा वाटा बसगाड्यांचा आहे. विजेवरील बसची किंमत डिझेल बसपेक्षा बरीच जास्त असली तरी प्रत्येक किलोमीटरचा ऊर्जाखर्च कमी असतो. म्हणूनच दिवसभर धावणाऱ्या बसमधून सवलतीचा लाभ अधिक लोकांपर्यंत पोहोचतो. या योजनेत १० ते १२ मीटर लांबीच्या बसला ३५ लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते.

बस परिवहन उपक्रमाच्या मालकीची नसते. खासगी चालक ती आणतो, चालवतो, तिची देखभाल करतो आणि उपक्रम त्याला ठरलेल्या दराने प्रति किलोमीटर पैसे देतो. उपक्रमांची आर्थिक स्थिती नाजूक असल्याने ही देयके थकण्याची भीती चालकांना आणि त्यांना कर्ज देणाऱ्या बँकांना वाटते. हे लक्षात घेऊन केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये ३,४३५ कोटी रुपयांची देयक हमी यंत्रणा मंजूर केली.

चाळीस लाखांहून अधिक लोकसंख्येची नऊ महानगरे बससाठी पात्र ठरवण्यात आली असून त्यांत मुंबई आणि पुणे यांचा समावेश आहे. मात्र मे २०२५ मधील १०,९०० बसच्या पहिल्या वाटपात बंगळुरूला ४,५००, दिल्लीला २,८००, हैदराबादला २,०००, अहमदाबादला १,००० आणि सुरतला ६०० गाड्या देण्यात आल्या; मुंबई आणि पुण्याची नावे त्यात नव्हती.

ट्रक आणि हायड्रोजन

जुलै २०२५ मध्ये विजेवरील ट्रकसाठीची सवलत प्रथमच जाहीर झाली. एका ट्रकला कमाल ९ लाख ६० हजार रुपये मिळू शकतात; त्यासाठी जुना ट्रक मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र आवश्यक आहे. लांब पल्ल्याच्या वाहतुकीसाठी हायड्रोजनचाही विचार होत आहे. राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाखाली मार्च २०२५ मध्ये ३७ बस व ट्रक आणि ९ इंधन केंद्रांच्या प्रायोगिक प्रकल्पांना सुमारे २०८ कोटी रुपयांचे साहाय्य मंजूर झाले. चाचणीसाठी निवडलेल्या मार्गांत पुणे–मुंबई हा मार्गही आहे.

राज्यांचा वाटा

केंद्राच्या सवलतीला राज्यांच्या धोरणांची जोड मिळते. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या, २०३० पर्यंतच्या धोरणासाठी १,९९३ कोटी रुपयांची तरतूद केली आहे. राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरवर चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट त्यात असून अटल सेतू, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विजेवरील मोटारी व बसना पथकरातून सूट देण्याचा निर्णयही त्याचाच भाग आहे.

स्वतःची वाहनतळाची जागा असलेल्या कुटुंबाला घरच्या जोडणीवर रात्री चार्जिंग करता येते. चाळीत, जुन्या इमारतीत किंवा भाड्याच्या खोलीत राहणारा नोकरदार, रिक्षाचालक आणि घरपोच सेवा देणारा तरुण यांना मात्र सार्वजनिक केंद्राखेरीज पर्याय नाही. खरेदीवरील सवलत कमी होत असताना चार्जिंगसाठी राखलेले २,००० कोटी रुपये वेळेत आणि योग्य जागी खर्च होणे या वर्गासाठी अधिक महत्त्वाचे आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेची मुदत ३१ मार्च २०२८ पर्यंत वाढवण्यात आली. दुचाकी आणि तीनचाकींच्या सवलतीसाठी मात्र ३१ मार्च २०२६ हीच अंतिम तारीख त्या वेळी कायम ठेवण्यात आली. तरतुदीची एकूण रक्कम वाढलेली नाही. निधी आधी संपल्यास योजनाही आधीच बंद होईल. चार्जिंग केंद्रांच्या वीजदरावरील मर्यादाही ३१ मार्च २०२८ रोजीच संपते. उभारणीचे साहाय्य आणि दरातील संरक्षण हे दोन्ही आधार एकाच दिवशी दूर होणार असल्याने, तोपर्यंत केंद्रांकडे पुरेशी वाहने येऊ लागतात की नाही, यावर या गुंतवणुकीचे यश अवलंबून राहील.